अठरावं नाव

यशा,

तुझी मृत्युवार्ता मीच लिहिली. सहा ओळी: वय, शाळेतली नोकरी, हॉकीचा क्लब, मागे कोण, अंत्ययात्रा किती वाजता. डेस्कवरून फोन आला, पानावर जागा आहे, आणखी चार ओळी देता का. मी नको म्हटलं. जागा आहे म्हणून छापलेल्या मजकुरातून काय होतं, ते आपल्या दोघांना चांगलं माहीत होतं.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं काहीच खरं ठरणार नाही. दुःख तासाभराने आलं. तुझ्या ओट्यावर तुझे कॅनव्हासचे बूट धुऊन वाळत घातलेले दिसले, तेव्हा. त्याआधीचा तासभर डोक्यात एकच वाक्य होतं: आता यशा विचारणार नाही. एकदाच विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नाही आणि पुढची अकरा वर्षं तू पुन्हा विचारलं नाहीस. पण चहाला बसलो की, मैदानाच्या कडेला उभे राहिलो की, मला वाटायचं, आता विचारेल.

तुला माहीत असलेलंच आता पुन्हा सांगणार आहे, कारण हे वाचणाऱ्यांना ते माहीत नाही. आणि त्यातला एक भाग तुला माहीत नव्हता, अशी माझी गेल्या महिन्यापर्यंत समजूत होती.

आपल्या क्लबाचं शिबिर दिवाळीनंतर व्हायचं. जिल्ह्यातून तीसेक मुली यायच्या, त्यातल्या अठरा ठेवायच्या. स्पर्धेच्या प्रवेशअर्जात अठराच रकाने असतात, त्यामुळे एकोणिसाव्या मुलीबद्दल कितीही प्रेम असलं तरी उपयोग नसायचा. निवडणारे तिघे: तू, एकेकाळी विद्यापीठाकडून खेळलेल्या मुकादम बाई, आणि मी. मी का, तर शाळेत तुझ्याबरोबर खेळलो होतो आणि पुढे वीस वर्षं जिल्ह्यातल्या सामन्यांच्या बातम्या दिल्या होत्या. शाळेच्या संघात तू बॅक, मी राईट विंग. माझ्या स्टिकवरून चेंडू सुटला की तू तो मागे थांबवायचास आणि काही न बोलता परत माझ्याकडेच द्यायचास.

निवडीचा तुझा एक नियम होता. ठेवलेल्या मुलींची नावं फळ्यावर लावायची, काढलेल्यांच्या घरी जायचं. चिठ्ठी पाठवायची नाही, फोन करायचा नाही. एसटीने त्यांच्या गावात जायचं, आई-बापासमोर मुलीला सांगायचं, का काढलं तेही सांगायचं, आणि त्या घरचं काहीतरी खाऊन यायचं. बारा घरं म्हणजे पाच-सहा दिवस लागायचे. तोवर फळा कोरा, आणि पेपरात एक अक्षर यायचं नाही. मी म्हणायचो, यशा, बातमी शिळी होते. तू म्हणायचास, "होऊ दे. तुमच्याकडे शिळ्याची पुडी बांधतात. माझ्याकडे त्या पोरीला जन्मभर तेच आठवतं, कोणी सांगितलं आणि कसं."

त्या वर्षी सतरा नावांवर आपलं एकमत झालं. अठराव्यावर अडलं. पूर्णगडची प्रणाली डोर्लेकर की हर्ण्याची मयूरी पावसे.

मी प्रणालीच्या बाजूने होतो. आपलं मैदान कातळावरचं. वर कितीही माती टाकून रोलर फिरवला तरी चेंडू कुठूनही उसळतो. तो उसळलेला चेंडू प्रणाली हवेतच अलगद खाली घ्यायची. बघणारे चहाचे पेले खाली ठेवायचे. तू म्हणालास, हात वर राहतात तिचे. मुंबई-पुण्याच्या टर्फवर, त्या कृत्रिम गवतावर, चेंडू सरळ जमिनीलगत येतो, ही उसळीची वाट बघत राहील आणि चेंडू खालून निघून जाईल. मयूरीकडे बघ, स्टिक जमिनीला चिकटलेली. मी म्हटलं, मयूरीचा खेळ दोन दिवस बघितला तरी तिच्याबद्दल लिहायला एक ओळ सापडत नाही. मग तू ते म्हणालास, जे मला फार लागलं.

"तुला बातमी हवी, अरुण. मला संघ हवा."

मुकादम बाईंनी मयूरीच्या बाजूने हात वर केला. दोन विरुद्ध एक. मी वही बंद केली आणि कोणाशी न बोलता तडक घरी गेलो.

आता चूक. ती बैठकीच्या आधीच घडली होती. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून मी बातमी लिहून कोल्हापूरच्या डेस्कला पाठवून ठेवली होती. वर ठळक सूचना: सांगेपर्यंत थांबवा. यादीत अठरावं नाव मी प्रणालीचं घातलं होतं, कारण बैठकीत मीच जिंकणार, अशी माझी खात्री होती. हरलो तर नाव बदलून पाठवू, असा विचार होता. हरलो, आणि रागाच्या भरात बदलायचं राहून गेलं. रविवारी डेस्कवर दुसरीच व्यक्ती होती. पानाच्या तळाशी जागा रिकामी होती. सूचना वाचली गेली नाही.

सोमवारी पहाटे कोल्हापूरहून पेपर आला आणि गठ्ठे गावोगावच्या एसटीत चढले. पूर्णगडच्या पहिल्या गाडीत एक गठ्ठा होता आणि तू होतास. तू पेपर उघडला नाहीस, कारण सामने नसले की तू पेपर वाचतच नव्हतास. स्टॉपवर उतरताना कंडक्टरने आवाज दिला म्हणून तो गठ्ठा तूच खाली घेतलास आणि टपरीवर नेऊन दिलास. मग तिथेच बाकावर बसून राहिलास. सकाळी सकाळी कोणाच्या दारात वाईट बातमी घेऊन जायचं नाही, घरातल्यांची न्याहारी होऊ द्यायची, हाही तुझाच नियम. त्या अर्ध्या तासात पेपर तुझ्यापुढे गेला.

तू डोर्लेकरांच्या अंगणात पोचलास तेव्हा शेजारची माणसं जमली होती. प्रणालीचे वडील तांडेल, मासेमारीच्या बोटीवरचे मुख्य. बोट बंदरात होती म्हणून घरीच होते. सर स्वतः अभिनंदनाला आले, असं त्यांना वाटलं. तुला काही बोलायची संधी मिळायच्या आत प्रणालीच्या आत्याने तुझ्या तळहातावर साखर ठेवली.

तू ती खाल्लीस.

हे सगळं तू मला दुपारी माझ्या ऑफिसात उभ्या उभ्या सांगितलंस, चार वाक्यांत. बस म्हटलं तर बसला नाहीस. शेवटी म्हणालास, अठरावी प्रणाली, मी उद्या हर्ण्याला जाऊन येतो. दारापर्यंत गेलास आणि वळून विचारलंस, "मुद्दाम केलंस?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तू दार ओढून घेतलंस आणि गेलास.

यशा, त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. एका शब्दाचं उत्तर. पण वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढत आलो होतो. नावातली वेलांटी चुकली तरी बातमीदाराला फैलावर घ्यायचो. मी न बदललेली यादी पाठवली, असं म्हणण्यापेक्षा मी मुद्दाम एका मुलीसाठी उभा राहिलो, असं लोकांनी समजणं मला सोपं वाटलं. बैठकीतली कुजबुज बाहेर पोचली होती, आणि लोकांनी तसंच समजलं. बाजारात दोघा-तिघांनी पाठ थोपटली. मुकादम बाई दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मी दोन्ही गोष्टी निमूट स्वीकारल्या. पाठ थोपटून घेताना मान खाली घातली, ती लोकांना नम्रता वाटली. तुझ्या हाताखालच्या कोणी विचारलं तर तू म्हणायचास, समितीचा निर्णय आहे. समितीत कोण काय म्हणालं, ते तू कोणालाही सांगितलं नाहीस.

हर्ण्याला काय झालं, ते मात्र तू मलाही सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी, शिबिराच्या आधी, मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. फाटकातून दिसलं, ओट्यावर मयूरी बसली होती. मला वाटलं, विनवणी करायला आली असेल, मला घ्या म्हणून. मी फाटकाची कडी न काढता मागे फिरलो. आतून तू मला पाहिलंस, हे मला माहीत आहे. हाक मारली नाहीस. त्या वर्षी ती शिबिराला आली नाही, पुढेही कधी आली नाही. मी मनाशी नोंद केली: माझ्या चुकीमुळे एक मुलगी खेळातून गेली. ही नोंद मी दहा वर्षं बाळगली. तू मला दरवर्षी पावसाआधी सोड्यांची, सोलून सुकवलेल्या कोळंबीची, एक पुडी द्यायचास, आमच्याच पेपरात बांधलेली. "हर्ण्याहून आलेत, खा." मी घरी नेऊन द्यायचो. घरातले आवडीने खायचे. मला हर्णे हा शब्द ऐकला की भूक राहायची नाही, पण तेही तुला कधी सांगितलं नाही.

आपण भांडत राहिलो ते दुसऱ्याच गोष्टींवरून. टर्फ रत्नागिरीत यावा की नको. पेनल्टी कॉर्नरला कोणी उभं राहावं. मी लिहिलेल्या बातमीत गोल कितव्या मिनिटाला झाला. "काय बातमीदार, आज कोणाला जिंकवलंस?" हे तू गंमतीने म्हणायचास आणि मी प्रत्येक वेळी तुझ्या चेहऱ्याकडे नीट बघायचो.

तुझी शोकसभा मैदानावरच झाली. कातळावर खुर्च्या डुगडुगत होत्या. मुकादम बाई दोन मिनिटं बोलल्या. सर चिडले की शिट्टी वाजवायचे, आणि फारच चिडले की शिट्टी खिशात ठेवायचे, असं म्हणाल्या, तेव्हा सगळे हसले. मी बोललो नाही. सभा संपल्यावर मी कडेला उभा होतो तेव्हा तिशीकडे झुकलेली एक बाई पुढे आली.

"काका, मी मयूरी. हर्ण्याची."

तिने नाव सांगायची गरज नव्हती. ती दापोलीला कृषी शिकली, आता तिथेच एका रोपवाटिकेचं काम बघते, कलमं तिच्या देखरेखीखाली होतात. सकाळच्या एसटीने आली होती. मी म्हटलं, मला तुझ्याशी बोलायचं आहे. ती म्हणाली, "त्या यादीचं ना? सरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

मग तिने मला ती संध्याकाळ सांगितली. तू पोचलास तेव्हा हर्ण्याच्या किनाऱ्यावर लिलाव चालू होता. मयूरीची आई मासळीची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती आणि मयूरी तिच्याजवळ. लिलावाच्या मध्ये बोलायचं नाही म्हणून तू तासभर एका उपड्या क्रेटवर बसून राहिलास. लिलाव आटोपल्यावर दोघींपुढे उभा राहिलास आणि म्हणालास, मयूरी, तुझं नाव यादीत होतं, आता नाही. तुझ्या खेळात काही कमी नाही. पेपरात चुकून दुसऱ्या मुलीचं नाव आलं आणि मी त्या घरची साखर खाऊन बसलो. आता ती मला परत करता येत नाही.

मयूरीची आई कोणाचं ऐकून घेणारी नाही. ती म्हणाली, "तिथं साखर खाऊन आलाव, मग हितं काय मीठ खायला आलाव?"

तू म्हणालास, "हो."

आणि त्यांच्या घरी जाऊन जेवलास. मयूरीने जेवताना विचारलं, चूक कोणाची. तू नाव घेतलं नाहीस. म्हणालास, "माझ्या मित्राची. माणूस चांगला आहे. चूक कबूल करायला त्याला वेळ लागतो."

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. बातमीदाराची सवय. तिने तेच शब्द पुन्हा सांगितले.

म्हणजे तुला माहीत होतं. दारातून वळून विचारलंस तेव्हा माहीत नसेल, पण दुसऱ्या दिवशी दापोलीच्या गाडीत बसून पाच तासांत तू ते शोधून काढलंस. मी मुद्दाम केलं असतं तर मी तुला तोंडावर सांगितलं असतं आणि वर भांडलो असतो. तू मला शाळेपासून ओळखत होतास. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तू लावलास, आणि तो बरोबर लावलास.

मी मयूरीला विचारलं, मग पुढच्या वर्षी ओट्यावर बसली होतीस ती? ती म्हणाली, सरांनी मला शब्द दिला होता, पुढच्या वर्षी चाचणी न घेता तुझी जागा. "पण मला दापोलीला प्रवेश मिळाला होता. खेळायचं नव्हतं आता. मग नाही म्हणायला मी सरांच्या घरी गेले. नाही म्हणायचं ते घरी जाऊन म्हणायचं, हे त्यांचंच ना." वाईट नाही वाटलं, असं नाही, असंही ती म्हणाली. त्या वर्षी तिने स्टिक माळ्यावर टाकली होती आणि आईशी आठवडाभर बोलली नव्हती. "पण मला खरं सांगितलं होतं, काका. त्याचं बरं वाटत राहिलं."

मी कडेच्या बांधावर बसलो. यशा, मला इतकं हलकं वाटलं की तुझ्या शोकसभेत ते शोभणारं नव्हतं.

हे छापायचं तर आधी प्रणालीला सांगायला हवं होतं. ती दोन हंगाम खेळली, गुडघा गेला, आता इथेच पोलिसात आहे. तुझ्या अंत्ययात्रेत नाक्यावरची वाहनं तिनेच थांबवली. मी तिच्या घरी गेलो, न्याहारी झाल्यावर. सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"मला माहीत आहे, काका. दुसऱ्या वर्षी सरांनीच सांगितलं. म्हणाले, आता तू चुकून आलेली वाटत नाहीस, म्हणून सांगतो. तेव्हा कळलं, वर्षभर माझ्याच मागे हात खाली, हात खाली करत का लागले होते."

ठीक. म्हणजे हर्ण्याला माहीत होतं, पूर्णगडला माहीत होतं, तुला माहीत होतं. गुपित फक्त मी सांभाळत होतो.

हर्णे राहिलं होतं. मयूरी म्हणाली, आईला फोनवर सांगा, चालेल. मी नको म्हटलं. रत्नागिरीहून दापोलीची गाडी धरली, तिथून हर्ण्याची. दापोलीला उतरेपर्यंत मी काय बोलायचं ते तीन वेळा मनात लिहून खोडलं. प्रत्येक वेळी वाक्यं लांब होत गेली. शेवटी एकच ठेवलं.

मी पोचलो तेव्हा लिलाव चालू होता. मी थांबलो. मयूरीची आई आता थकली आहे, पण टोपलीपुढे बसते. लिलाव आटोपल्यावर मी पुढे गेलो, नाव सांगितलं आणि म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी तुमच्या मुलीचं नाव पेपरात यायला हवं होतं, ते माझ्या चुकीमुळे आलं नाही.

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तुमीच काय ते? सर बोललेले, येल तो. उशीर करील, पण येल." मग टोपली उचलत म्हणाली, "लय उशीर केलाव."

मी म्हटलं, हो.

तिने जेवायला नेलं. बोंबलाचं कालवण होतं. दोनदा वाढलं, नको म्हटलं तरी. निघताना तिने फळीवरून एक पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. सोडे होते. मी म्हटलं, सर मला दरवर्षी यातले द्यायचे. तिला ते ऐकून जरा नवल वाटलं.

"यातले कशाला देतील? मी दोन पुड्या बांधायची. एक सरांची. आणि एक त्यांना सांगून ठेवलेली, तुमच्या त्या पेपरवाल्याला द्या, म्हणून."

परतीच्या गाडीत पुडी मांडीवर होती. माझी एक दुरुस्ती छापायची राहिली आहे, यशा, ती इथे देतो. या दैनिकात अकरा वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या मुलींच्या हॉकी संघाच्या यादीत अठरावं नाव मयूरी पावसे, हर्णे, असं हवं होतं. चूक बातमीदाराची आहे. ती मुद्दाम केलेली नव्हती.

काल घरी सोड्यांची खिचडी केली. मी दोनदा वाढून घेतली.